फटफटीच्या शर्यतीचं निशाण

७८६
चिंचेवाडी, ता. पाथर्डी
४ मार्च १९४६

चि. इब्राहिम यास दादीची दुआ. वि. वि.

उत्तराला आठ दिवस लागले. दौतीतली शाई वाळली होती आणि बोटंही फार ओली राहिलेली नाहीत. मी ठीक आहे. शेळी व्याली, दोन करडं झाली, दोन्ही पाटी.

खालच्या अंगाला दोन गावांत पटकीनं माणसं गेली, म्हणून मामलेदारांचा हुकूम आलाय. पीरसाहेबांचा उरूस घरातल्या घरात करायचा, माळावर जमायचं नाही. म्हणजे छकड्यांची शर्यत गेली. गेल्या साली प्लेगनं खाल्ली, यंदा पटकीनं. रेवडीवाल्याचं मला वाईट वाटत नाही, तो मापात मारतो. पण शर्यत सोडायचं निशाण आपल्या घरचं आहे. तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं टाकलं, तुझ्या बापानं मरेपर्यंत. आणि गावचा शिरस्ता तुला ठाऊक आहे, की लागोपाठ दोन सालं निशाण पडलं नाही तर मान पुढच्या घराला. पुढचं घर भिमाजीचं.

भिमाजी परवा येऊन माझी तब्येत विचारून गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं, निशाण पेटीत आहे आणि मी अजून मातीच्या वर आहे.

लष्करात मोटारी दुरुस्त करून आलास, नगरात दुकान टाकलंस, चांगलं केलंस. आता डोकं आणलं असशील तर ते चालव. माया आहे तेवढी पुरे, वाढवायची गरज नाही.

तुझी दादी
मेहताब


नगर
११ मार्च १९४६

ती. दादीस बा. इब्राहिमचा सलाम. वि. वि.

पाटींचं वाचून आनंद झाला. मी खुशाल आहे.

तुझं पत्र वाचलं आणि दुकान बंद करून थेट पाथर्डीची मोटार धरली. मामलेदारांना म्हणालो, एका छकड्यामागं पंचवीस माणसं येतात, मोटारसायकलीमागं फक्त धूळ येते. लष्करानं लिलावात काढलेल्या मोटारसायकली आम्हा मोटारी दुरुस्त करणाऱ्यांपैकी पाच जणांकडं आहेत. श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यातला सूर्यभान येतो म्हणाला, गोरक्षनाथ येतो म्हणाला, अजून दोघं आहेत. पेट्रोलची कुपनं आम्ही साठवलीत. मामलेदार हसले. म्हणाले, गाड्या खुशाल पळवा, पण माणसं गोळा झालेली दिसली तर पहिला तुम्हालाच आत टाकीन.

आता तूच सांग, माणसांशिवाय शर्यत कसली? माळावर दोरी बांधली तर लोक दोरीसकट आत येतील. आणि फटफटीची शर्यत पंचांना चालेल का, तेही विचार. उत्तर लवकर दे, आणि मला वेड्यात काढायचं असेल तर ते पत्राच्या शेवटी काढ.

तुझा
इब्राहिम


चिंचेवाडी
१७ मार्च १९४६

चि. इब्राहिम यास दुआ. वि. वि.

पंचांनी आधी तंबाखू खाऊन घेतली. मग म्हणाले, शिरस्त्यात चाकं पळाली पाहिजेत एवढंच आहे, बैलांचं नाव कुणी घेतलेलं नाही. भिमाजीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी पोटभर बघितलं.

माणसांचं तू उगीच डोक्यात घेतलंस. माळ पाहिजेच कशाला? गावाला वळसा घालून गाडीवाट जाते, तिच्यावर पळवा दहा फेरे. आपल्याकडं सगळी सपाट धाब्याची घरं. ज्यानं त्यानं आपल्या धाब्यावर चढायचं, आपली भाकरी खायची, आपलं पाणी प्यायचं. हुकुमात जमू नका असं आहे, आपल्या घरावर चढू नका असं नाही. मामलेदारांना असंच सांग, अक्कल तुझी म्हणून सांगितलीस तरी चालेल.

छबूबाईचं धाबं एका अंगानं खचलंय. तिला म्हटलं, नवऱ्याला दुसऱ्या अंगाला उभा कर. ती म्हणाली, बघते.

मायेची आठवण ठेवून पत्र टाकीत जा.

दादी


चिंचेवाडी
३० मार्च १९४६

चि. इब्राहिम यास दुआ. वि. वि.

परवानगी आणलीस, येऊन वळणांवर खुणा केल्यास आणि माझ्या हातचं जेवून गेलास. सगळं बरोबर. पण खुणांना ती पांढरी पूड कुठून पैदा केलीस?

अरे शहाण्या, पटकीच्या घरापुढं आरोग्यखात्याचा माणूस हीच पूड टाकतो. नगरात राहून एवढं विसरलास? एक वळण छबूबाईच्या दारात, म्हणून तिच्या उंबऱ्यापुढं तू हातभर रेघ ओढलीस. सकाळी तिच्याकडं कुणी विस्तव मागायला गेलं नाही. विहिरीवर तिला घागर लांब ठेवायला लावली. ती म्हणाली, मला पटकी झाली असती तर आधी एकेकीच्या गळ्यात पडून आले असते. ह्यानं बायका आणखीच पळाल्या. दुपारी गावात तीन मेले अशी बातमी पाथर्डीला पोचली आणि दिवस मावळायच्या आत शिपाई आला. परवानगी रद्द.

भिमाजी म्हणतो, पीरसाहेबांचीच मर्जी दिसते. पूड मी झाडून काढली, तिथं राख टाकली. आता पुढचं तू निस्तर.

दादी


नगर
४ एप्रिल १९४६

ती. दादीस बा. इब्राहिमचा सलाम. वि. वि.

चुकलो. छबूबाईच्या पाया पडायला येईन.

मामलेदारांसमोर सगळं कबूल केलं. त्यांनी डॉक्टर पाठवून गाव तपासायचं ठरवलंय. कुणी आजारी नसेल तर परवानगी परत, पण नवी अट घातली. शर्यतीच्या दिवशी गाडीवाटेवर जो पाय ठेवील त्याच्याकडं पटकीची सुई टोचल्याची चिठ्ठी पाहिजे. धाब्यावरच्यांना नको. आम्ही पाचांनी टोचून घेतली. डॉक्टरबरोबर टोचणारा येईल. लोकांना समजावून सांग, पण जरा गोडीनं सांग.

तुझा
इब्राहिम


चिंचेवाडी
१० एप्रिल १९४६

चि. इब्राहिम यास दुआ. वि. वि.

गोडीनं सांगितलं. म्हटलं, टोचून घ्या नाहीतर मरा.

डॉक्टरला आजारी कुणी सापडलं नाही, परवानगी मिळाली. पण टोचणारा पेटी उघडतोय तोवर निम्मं गाव रानात. भिमाजी कडब्याच्या गंजीआड बसून राहिला, पंच त्याच्या शेजारी. म्हणतात, सुईनं अंगातली ताकद जाते. मी टोचून घेतली. छबूबाईनं घेतली. दंड भोपळ्याएवढा झालाय, ताप आला आणि गेला.

आता मुद्द्याचं. पंचांनी रानातून येऊन नवीन काढलं. निशाण त्या घरच्या पुरुषानंच टाकायचं. घरात पुरुष तू एक, आणि तू गाडीवर. तेव्हा तुझ्या जागी भिमाजीनं उभं राहावं. एकदा त्याच्या हातात गेलं की ते परत येत नाही, हे त्यालाही कळतं आणि मलाही. मी निशाण धुऊन वाळत घातलंय.

तू गाडी सोडू नकोस. ठरल्याप्रमाणं ये.

दादी


नगर
१९ एप्रिल १९४६

ती. दादीस बा. इब्राहिमचा सलाम. वि. वि.

तुझ्या हातावर सूज आहे का ते आधी कळव.

नंतर हे वाच. आपल्या शर्यतीचं इथं सगळ्या गॅरेजांत नाव झालंय. अख्खं गाव धाब्यांवर आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही, असं सूर्यभान प्रत्येकाला सांगत सुटलाय. पंच धाब्यावरून ओरडत होते की बाई निशाणाला चालणार नाही, आणि पोलीस पाटील खालून विचारत होते की चिठ्ठी कुणाकडं आहे, त्यानं खाली उतरावं. भिमाजीसकट एकही उतरला नाही. मग तूच पदर खोचून, चिठ्ठी दाखवून, निशाण घेऊन वाटेवर आलीस.

पण दादी, माझी गाडी सुरू होत नव्हती. मी तीन लाथा मारल्या, चौथीला हात वर केला. तू माझ्याकडं बघितलंस. नीट बघितलंस. आणि निशाण टाकलंस! चौघं गेले, मी अर्धा फेरा मागं. सूर्यभान पहिला, मी शेवटचा. ज्यानं शर्यत भरवली त्याचं हे असं. दोन लाथांपुरतं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

तुझा
इब्राहिम


चिंचेवाडी
२५ एप्रिल १९४६

चि. इब्राहिम यास दादीची दुआ. वि. वि.

सूज उतरली.

तुझा हात दिसला. डोळे अजून कामाला येतात. पाटलानं वेळ झाली म्हणून खूण केली होती आणि चार गाड्या धडधडत होत्या. भिमाजी समोरच्या धाब्यावर होता. बाकी सगळं गाव फटफट्यांकडं बघत होतं, तो एकटा माझ्या हाताकडं बघत होता. तुझ्यासाठी मी दमभर थांबले असते, तर ह्या घरचं निशाण घरच्या माणसासाठी थांबतं, असं तो त्याच दिवशी म्हणाला असता. आणि ते खरं असतं. मग बाई की पुरुष हे काढायची त्याला गरजच उरली नसती.

काल पंच आले होते. इकडचं तिकडचं बोलले, निशाणाचा विषय कुणी काढला नाही. चहा पिऊन गेले.

पुढच्या साली गाडी आधी सुरू करून ठेव. निशाण टाकायला मीच आहे.

राग आला असेल तर असू दे, पण येत जा.

तुझी दादी
मेहताब