तुझ्या वाफ्यातला ठोकळा

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मी निघताना तू दारापर्यंतही आली नाहीस; ते गुडघ्यामुळेच, असं मी धरून चालतो. (लिलीच्या वाफ्यातून मातीचा ठोकळा कापून नेल्याचा राग अजून असेल, तर तो हे पत्र वाचून उतरेल.)

ठोकळा कशाला हवा, असं तू विचारलंस तेव्हा मी ‘नोकरीसाठी’ एवढंच म्हणालो होतो. आता सविस्तर सांगतो. माती निथळली तरी काही पाणी धरून ठेवते. रुंद छिद्रांतलं पाणी लगेच जातं, अरुंद छिद्रांतलं सुटता सुटत नाही. किती ओढल्यावर किती उरतं हे मोजायचं, तर ठोकळा ओल्या वाळूच्या गादीवर ठेवून, खालून पाणी हळूहळू ओढत, आठवडेच्या आठवडे त्याचं वजन करत बसावं लागतं. आमच्या मॅडमचं म्हणणं, बसायचं कशाला? क्ष-किरणांनी ठोकळ्याच्या आतला फोटो काढा, छिद्रांची रुंदी बघा आणि पाण्याचा अंदाज सांगा. (चेहरा बघून माणूस किती चिकट आहे ते सांगावं, तसं. तू हे फुकटात करतेस.) अंदाज मोजणीशी जुळला, तर माझी हंगामी नोकरी पुढे चालणार होती. नाही जुळला, तर महिनाअखेर मी मोकळा.

नाही जुळला. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पाणी निघून गेलं. पुन्हा फोटो काढला, तर ठोकळ्यात आरपार एक नवं भोक, पेन्सिल जाईल एवढं. त्यावरून नवा अंदाज केला, नवी मोजणी लावली. तोवर भोकाला फाटा फुटला होता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी (त्याला आम्ही चाळणी म्हणतो, त्याच्यात गुपित टिकत नाही) म्हणाला, “अरे, सुई घेऊन टोचत बसतोस की काय त्याला?”  मॅडमनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. भोकं वाढतच राहिली. त्यामुळे मी निर्दोष ठरलो आणि आमची पद्धत दोषी.

काल आमच्या कामाला पैसे देणारी पाहणी समिती आली. छिद्रांची रचना कशी स्थिर असते, हे मॅडम समजावून सांगत असताना ठोकळ्यातून एक गांडूळ वर आलं. बरंच वर आलं. समितीतले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “हे कोण?”

“नमुन्याचाच भाग आहे, सर,” मी म्हणालो.

गांडूळ परत आत गेलं, दुसऱ्या भोकातून. (ठोकळा न विस्कटता जसाच्या तसा आणणं हेच आमच्या कामातलं कसब. मी तो इतक्या कसबाने आणला की आतला रहिवासीही हलला नाही.) समिती गेल्यावर मी टेबलाचे खण आवरायला घेतले.

तर आत्या, तुझ्या वाफ्याने माझी नोकरी घालवली. तक्रार नाही. महिनाअखेर येतो, वाफा पूर्वीसारखा करून देतो आणि तुझ्याकडेच राहतो काही दिवस. गांडूळ आज सकाळी पुन्हा वर आलं तेव्हा पकडलं. ओल्या मातीच्या डब्यात घालून ते पत्राबरोबरच पाठवतो आहे. जिथलं तिथे सोड. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

तुझा,
भाचा

ता. क. – डबा पाठवलेला नाही. तो बांधायला सुतळी शोधत होतो, तेवढ्यात मॅडम आल्या. समितीला गांडूळ फार आवडलं म्हणे. मातीत राहणारे जीव तिची छिद्रं बदलतात, मग पाण्याचा अंदाज कसा बांधायचा, यावर तीन वर्षांचं काम द्यायचं ठरलं आहे. “त्याची देखभाल करायला कुणीतरी लागेलच ना,” मॅडम म्हणाल्या. तेव्हा मला ठेवलं आहे. ते जिवंत असेपर्यंत.

आणखी एक – वाफ्याचं काम तूर्त लांबणीवर. पत्र मिळताच फोन कर. राग असेल तर बोलू नकोस, लिलीच्या मुळाशी तू काय काय घालतेस तेवढं सांग आणि ठेवून दे. ठोकळ्यात परत सोडल्यापासून गांडूळ वर आलेलं नाही.