कापलेला धागा

माय,

तू बांधलेला लाल धागा आज गेला. बीरगांवच्या कारखान्यात कामाचा पहिला दिवस होता. फोरमन म्हणाला, "भैया, प्रेस पे धागा नहीं चलता, हाथ खींच लेगा," अन् कैचीनं कापला. कैची मस्त चमकत होती, ते असू दे. मले भेव वाटलं. आजवर त्याच धाग्याच्या भरोशावर कुठंबी भटकलो ना!

प्रेसखाली पत्रा सरकवताना छातीच्या आतून कोणीतरी म्हणालं, "थांब." मी हात मागं घेतला अन् प्रेस धाडकन खाली आला. धागा नव्हता, माय, तरी कोणीतरी होतं. देवच असन.

भेव अजून गेलं नाही. उद्या त्या देवाच्याच भरोशावर कामाले जाईन. तू लगेच नवा धागा पाठवशील, म्हणून हे पत्र पाठवत नाही.

तुहा भटक्या,
निरंजन