नोंदवहीतली पाच पिल्लं

गुरुवार, दि. ९, दुपार

प्रिय भाऊजींस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गुडघे कुरकुरतात, पण देवाच्या कृपेने कुणाच्या हातचं खावं लागत नाही. तुमचा नवा पत्ता टपालवाल्याकडून मिळवला. कागदाच्या मागे मंडळाच्या जुन्या सभेची नोटीस आहे, तिकडे लक्ष देऊ नका. एक बाजू कोरी असताना कागद टाकवत नाही, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमचे दादा जाऊन पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. तुम्ही आला नाहीत, त्यावरून मी कुणाला काही बोलू दिलं नाही.

पत्राचं कारण असं. आपल्या कुत्र्यांच्या मंडळाला पन्नास वर्षं होत आहेत. हल्लीच्या अध्यक्ष जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्या मंडळाचा इतिहास लिहीत आहेत. मी त्यांना पहिल्या सभेचं सांगितलं. आमची बाहेरची खोली, सात माणसं, चार कुत्री. "परक्या कुत्र्यांना गाद्या आणि आपल्या भागातली ही लांब पायांची जात उकिरड्यावर!" म्हणत तुम्ही टेबलावर मूठ आपटलीत नि माझी कपबशी फुटली, तेसुद्धा. मी मॅट्रिक आणि अक्षर बरं, म्हणून वंशावळीची नोंदवही माझ्याकडे आली. नियम तुम्हीच केलात: नर आणि मादी, दोघांच्या मालकांची सही असेल तरच पिल्लं वहीत चढतील.

परवा बाईंनी वही चाळली. "काकू, या पाच पिल्लांवर लाल रेघ का?"

"जुनी गोष्ट आहे."

"अहो, मग जुन्याच तर लिहायच्यात मला."

मी चहा टाकायला उठले.

त्या मागून आत आल्या. म्हणाल्या, आता वहीत एकोणीस कुत्री उरलीत, सगळी एकाच जोडीच्या वंशातली. पिल्लं बहिरी जन्मतात, काही डोळे न उघडताच जातात. बाहेरचं पण अस्सल रक्त मिळालं नाही तर ही जात आणखी दहा वर्षं काढणार नाही. भाऊजी, माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

तुमच्या करडी कुत्रीची ती पाच पिल्लं. आमच्या काळ्याचीच आहेत, असं तुम्ही सभेत सांगितलंत. तुमच्या दादांनी सही नाकारली. काळ्या अंगणाबाहेर गेलाच नाही म्हणाले. फाटकाची कडी लावायचं काम माझं होतं, आणि त्या दिवशी लावली की नाही ते मला आठवत नाही, असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आले.

आठवतं. लावली नव्हती. मी जपाला बसले होते. फाटक करकरलं ते ऐकू आलं, पण जप मध्ये सोडायचा नाही म्हणून डोळे मिटूनच राहिले. राखण देवाकडे सोपवली. तासाभराने काळ्या परतला, पोटापर्यंत तुमच्या मागच्या गल्लीतला चिखल. दादा घरी यायच्या आत मीच जुन्या फडक्याने त्याचे पाय पुसले आणि फडकं चुलीत घातलं. मी फडकं कधी जाळते का? पण त्या दिवशी जाळलं. ते विचारतील तेव्हा "कडी होती" म्हणायचं, हेही तेव्हाच ठरवलं.

सभेत ते उभे राहून म्हणाले, "माझी बायको देवाची माणूस आहे. ती म्हणते कडी होती, म्हणजे होती." तुम्ही माझ्याकडे वळलात. "वहिनी, तुम्ही सांगा." मी वहीत मान घातली. मग तुम्ही म्हणालात, "मारा रेघ, वहिनी. तुमची रेघ सरळ येते." मी मारली. सरळच आली.

ते खोटं बोलले नाहीत, भाऊजी. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. शेवटच्या आजारात तुमचं नाव काढून रडले, म्हणाले, "धाकटा असा लबाड कसा निघाला?" मी उशी सारखी केली. तेव्हाही बोलले नाही.

पुढे एकदा बाजारात हातगाडीला बांधलेली एक कुत्री दिसली. काळ्यासारखीच छातीवर तिरकी पांढरी पट्टी. माझ्याकडे बघून शेपूट हलवली. मी रस्ता ओलांडून गेले.

बाईंना काल सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, आता तुमचं नि काकांचं, दोघांची नावं कशाला खराब करता?" मी म्हटलं, दोघांची नाही, एकीची. वहीत रेघेखाली खरं लिहून माझी सही केली आहे. येत्या रविवारी सभेत स्वतः वाचणार आहे.

त्या पाचांच्या वंशातलं कुणी तुमच्याकडे, कुणा ओळखीच्याकडे उरलं असेल, तर बाईंना कळवा. मला उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल. पण त्या मुक्या जिवांनी आपल्या घरातल्या भांडणापायी संपू नये.

आणि रविवारी आलात, तर मागे दाराशी बसू नका. मला तुमच्याकडे बघून वाचायचं आहे.

तुम्हाला लबाड ठरवणारी,
तुमची वहिनी