भट्टीच्या भिंतीला पाठ टेकू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
डोंगरी हवामान निरीक्षण कक्ष.

अर्जदार: शेख वाहेद शेख नौमान, धंदा बेकरी,
रा. मौजे पळसखोरी, मार्गे डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलडाणा.

विषय: पळसखोरी येथील हवामान यंत्र व त्याभोवतीचे कुंपण, थंडी पडण्याच्या आत, माझ्या भट्टीच्या भिंतीपासून हलवण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कक्षाचा यंदाचा शरद ऋतूचा हवामान अंदाज (ग्रामपंचायतीच्या फलकावर डकवलेला).

महोदय,

वरील अंदाज मी स्वतः वाचला आणि मग माझी मुलगी अदीबा हिच्याकडून पुन्हा वाचून घेतला, कारण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यात म्हटले आहे की यंदा पाऊस सरताच थंडी लवकर उतरेल, डोंगरातील खोलगट गावांत पहाटे दव गोठेल, सबब तेथील वृद्धांनी रात्री उबदार जागी राहावे. खाली गावांची नावे आहेत. आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांपुढे ‘धोका’ असा शब्द आहे. एकट्या पळसखोरीपुढे ‘धोका नाही’ असे छापले आहे. महोदय, आमचे गाव या सगळ्यांच्या खाली, तीन बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात आहे. वरची गार हवा रात्री उतरते ती आमच्याकडेच मुक्कामाला येते. तरी आम्ही उबदार कसे ठरलो, हे सविनय कळवतो.

१. दोन वर्षांपूर्वी आपले कर्मचारी श्री. शेखर यंत्र बसवण्यासाठी गावात आले. शाळेचे मैदान मोकळे होते, ते त्यांनी पाहिले. परंतु यंत्राला मोबाईलची रेंज लागते, आणि पळसखोरीत रेंज फक्त माझ्या बेकरीच्या मागे येते, हे गावच्या प्रत्येक जावयाला ठाऊक आहे. म्हणून यंत्र तेथे, भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहिले. त्या भिंतीच्या आत माझी भट्टी आहे. पाव सकाळी विकायचा असल्याने भट्टी रात्रभर पेटलेली असते. मी त्याच दिवशी म्हटले होते, “साहेब, इथं तुमचं यंत्र शेकून निघन.” श्री. शेखर म्हणाले, “काका, मले फक्त रेंज पाहाले सांगतलं.” पोरगा भला आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही.

२. आता ती भिंत. बेकरी माझ्या वडिलांची, भिंतही त्यांनीच बांधलेली. थंडीत गावातील म्हातारी माणसे तिच्या मागे पोते अंथरून पाठ शेकत बसत. श्री. हिंमतराव यांनी जन्मभर लोकांच्या शेतांची जागल केली. त्यांचे घर नाल्याच्या काठावर, चारी बाजूंनी टिनाचे. थंडीत ते टिन हात लावू देत नाही. म्हणून हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाई दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत माझ्या भिंतीशीच झोपत. उजाडले की हिंमतराव बाहेरून भिंतीवर थाप मारायचे. मी आतून थाप द्यायचो आणि चहा ठेवायचो. इतकी वर्षे माझा दिवस असाच उजाडला. त्याला कोणाची परवानगी लागते हे आम्हाला माहीत नव्हते.

३. यंत्रामागोमाग कुंपण आले. ते यंत्रापुरते घालता आले असते, पण जाळी उरली होती म्हणून सगळी भिंत आत घेतली. कुलूप लावले, किल्ली आपल्याकडे गेली. फलक लागला: ‘यंत्र व त्याच्या सुट्या भागांखेरीज कोणीही आत थांबू नये, गुन्हा दाखल होईल.’ मी हिंमतरावांना फलक वाचून दाखवला. मला वाटले ते चार शिव्या देतील. त्यांनी पोते झटकले, घडी केली आणि म्हणाले, “सरकारी हाय, कामाचंच असन.” महोदय, त्या माणसाचा आपल्यावर एवढा विश्वास होता. मला आजही त्याचा राग येतो.

बेकरीत झोपवायचे तर पिठाच्या खोलीत माणूस झोपता कामा नये, असा तपासनिसांचा लेखी शेरा आहे. घर माझे दोन खोल्यांचे. तरी मी दोघांनाही घरी आणले. दोन रात्री राहिले. मग कौशल्याबाई उठल्या आणि म्हणाल्या, “वाहेदभाऊ, तुमच्या घरी मी पाहुणी हाय. भिंतीपाशी मी माह्या घरची होती.” आणि दोघे टिनात परत गेले.

४. मागील जानेवारीत एका सकाळी हिंमतराव उठले नाहीत. मी गेलो तेव्हा माठातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि बाहेर तुरीची पाने पांढरी पडली होती. कौशल्याबाईंनी स्वतःची घोंगडीही त्यांच्यावर घातली होती. चौकशी झाली. अहवालात आले की यंत्राच्या नोंदीप्रमाणे त्या रात्री पळसखोरीत सोळा अंश तापमान होते, सबब थंडीने मृत्यू झाल्याचे मानता येत नाही. वृद्धापकाळ लिहिला. गावात थंडी नव्हती असे कौशल्याबाईंना समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांनी विचारले, “मंग ते रातभर काऊन कुडकुडत होते, वाहेदभाऊ?” मी पाव भाजणारा माणूस. हा प्रश्न आपल्याकडे पाठवत आहे. उत्तर सुचल्यास कळवावे.

५. हिंमतरावांच्या मातीनंतर मी तीन दिवस भट्टी पेटवली नाही. दुःख होते, दुसरा काही हेतू नव्हता. भिंत निवली तसे यंत्र पहिल्याच रात्री तीन अंशांवर आले. मला वाटले, आता तरी साहेबांच्या ध्यानात येईल. आपल्या कक्षाकडून पत्र आले की यंत्रात बिघाड आढळल्याने त्या तीन दिवसांच्या नोंदी रद्द केल्या आहेत. त्यापाठोपाठ मला नोटीस आली: नोंदींत सातत्य राहावे म्हणून अर्जदाराने पूर्वपरवानगीशिवाय भट्टी विझवू नये. ती नोटीस मी बेकरीत लावली आहे. गिऱ्हाईक वाचते आणि हसते. मला हसू येत नाही.

६. या महिन्यात आपले आणखी एक पत्र ग्रामपंचायतीस आले. शेजारच्या वाड्यांतील वृद्धांना थंडीपुरते ‘उबदार’ पळसखोरीत हलवता येईल काय, अशी विचारणा त्यात आहे. सरपंच संजीवनीताई माझ्याकडे आल्या. भट्टीमागे किती जणांची सोय होईल, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, एकाची, आणि तो आधीच आत उभा आहे.

महोदय, आता कौशल्याबाई एकट्या आहेत. जेवतात बेताने, डोळ्यांना कमी दिसते, आणि झोपतात त्याच टिनात. दुपारी येऊन त्या जाळीतून बोटे घालतात आणि भिंत किती तापली ते पाहतात. बोट पुरत नाही. आपला अंदाज खरा असेल, आणि तो खरा ठरो असे कोण म्हणेल, तर दिवाळीच्या सुमारास पुन्हा पापुद्रा धरेल. मागच्या वेळी घोंगड्या दोन होत्या आणि माणसेही दोन होती.

तरी विनंती की यंत्र शाळेच्या मैदानात न्यावे. रेंज हवी असल्यास खांब मी माझ्या खर्चाने उंच करून देतो. ते जमत नसल्यास निदान भिंतीपुरती जाळी कापावी. तेही नियमात बसत नसल्यास पर्यायी विनंती अशी: फलकाप्रमाणे यंत्राचे सुटे भाग आत राहू शकतात. सबब श्रीमती कौशल्याबाई यांची यंत्राचा सुटा भाग म्हणून आपल्या दफ्तरी नोंद करावी. त्यांना वीज लागत नाही, रेंज लागत नाही. चहा आणि दोन टोस्ट मी देईन. थंडी पडली की त्या थरथरतात, म्हणजे कामही तेच करतात, आणि भट्टीजवळ बसल्या तरी खोटे सांगणार नाहीत.

मी चेष्टा करत आहे असे वाटल्यास आपण पळसखोरीत एक रात्र मुक्काम करावा. सोय टिनाच्या घरात होईल. सकाळी मी थाप मारायला येईन, आपण आतून उत्तर द्यावे.

आपला, अजून तरी नम्र,
शेख वाहेद शेख नौमान

दिनांक: २४ सप्टेंबर २०२५

सोबत: भट्टी न विझवण्याबाबतच्या नोटिशीची प्रत, आणि कै. हिंमतराव यांच्या अंगावरची घोंगडी, जेणेकरून ती किती पातळ आहे हे आपणास हाताने पाहता यावे. पाहून झाल्यावर थंडीच्या आत परत पाठवावी. ती कौशल्याबाईंना पांघरायची आहे.