रिकाम्या पुंगळ्या

प्रिय मार्नी,

तुझे बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं काही तू धड वाचायची नाहीस. शेजारच्या ड्वेनबरोबर बाबांनी पाठवलेलं खोकं तू उघडलंस, आत नेहमीच्या भरलेल्या काडतुसांऐवजी घासूनपुसून लख्ख केलेल्या रिकाम्या पुंगळ्या निघाल्या, आणि लगेच फोन करून तू रडवेल्या आवाजात विचारलंस, "मागच्या वर्षी शिकारीला आले नाही म्हणून बाबांनी डूख धरला का गं?" मी काहीतरी हवापाण्याचं बोलले आणि फोन ठेवला. काय करणार, बाबा माझ्या खांद्याशीच उभे होते कॉफी ढवळत. आज ते न्हाव्याकडे गेलेत, म्हणून स्वयंपाकघरात बसून घाईघाईने लिहितेय. अक्षर लागलं नाही तर समजून घे.

तळघरातलं बाबांचं ते काडतुसं भरायचं मेज तुला मी काय सांगू? बाहुल्या मांडायच्या वयात तू तिथे स्टुलावर चढून बसायचीस. "खाली शिंकायचं असेल तरी परवानगी काढावी लागते," असं मी चिडवायचे तुम्हा दोघांना. तराजूचा काटा थरथरला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजणारा माणूस! तीन गोळ्या एकाच भोकातून गेल्या की निशाणाचा तो कागद फ्रिजवर लागायचा, तुझ्या प्रगतिपुस्तकाला मेली जागा उरायची नाही. आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, हा तर आपल्या खोऱ्यातला नियमच. सख्ख्या भावाने दिलं तरी नाही. कारण चाप ओढताना नळी मागून बंद करणारा तो लोखंडी बोल्ट डोळ्यापासून चार बोटांवर असतो, आणि आत दारू चुकीची पडली असेल तर तोच मागे तोंडावर येतो. बाबांच्या हातची काडतुसं त्यांच्याखेरीज जगात फक्त तूच झाडलीस.

आता जरा धीराने वाच. ऑगस्टात एका रविवारी जेवायला हाक मारली, ओ आली नाही, म्हणून खाली गेले. मेजावर दारूचे दोन डबे उघडे होते. दोन, मार्नी! मेजावर एका वेळी एकच डबा, दुसरा कपाटात कुलपाखाली, हे तुला पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं त्यांनी. ते मापातली उरलेली दारू हातात धरून उभे होते आणि एकदा या डब्याकडे, एकदा त्या डब्याकडे बघत होते. दोन्हीतले दाणे दिसायला सारखेच करडे, पण एक दारू सावकाश जळणारी, दुसरी भडकन पेटणारी. कुठल्या डब्यातून काढली होती ते त्यांना आठवत नव्हतं. मी जिन्यातूनच बघत होते. मग त्यांनी एका डब्यात ती ओतली, झाकण लावलं, वर दोन थापाही मारल्या, आणि मला बघून म्हणाले, "काय भुतासारखी उभी आहेस? चल, आलोच." जेवताना नेहमीसारखे हसत होते.

तू म्हणशील, दोन्ही डबे फेकून का नाही दिलेस? दिले असते गं. पण ते दुकानातून नवे आणतील, आणि पुन्हा दोन उघडतील. रोग डब्यात थोडाच आहे! शिवाय त्या डब्यांमधून आधीच किती काडतुसं भरून खणात ठेवलीत, देव जाणे. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, "डोकं ठणठणीत आहे, चष्मा बदलायला हवा." मी नेट लावून म्हटलं, "ऑरिन, मी दोन डबे पाहिले." ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. नुसते माझ्याकडे बघत राहिले, घरात कुणी परकं माणूस शिरावं तसे. त्यानंतर दाराला आतून कडी लावून काम करतात. आता मला जिन्यातून दिसायचंही बंद झालं.

पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर त्यांच्या रायफलीचा बोल्ट अडकला. बाराचा आवाज नेहमीपेक्षा कडक झाला होता, मलासुद्धा कळला. लाकडाचा ठोकळा हाणून हाणून त्यांनी तो उघडला. पुंगळी बाहेर पडली तशी माझा हात पोचायच्या आत उचलून खिशात घातली. गालावर काळं लागलं होतं. मी रुमाल पुढे केला तर म्हणाले, "काही नाही गं, काडतुसाच्या बुडाची टोपी जरा नरम होती." तुझे बाबा आयुष्यात माझ्याशी खोटं बोलले नव्हते, मार्नी. बोलताही येत नाही त्यांना नीट.

आणि आता तुझ्या खोक्याचं सांगते. ड्वेन बहिणीला भेटायला तुमच्याकडे स्पोकेनला निघाला होता, तर खोकं घ्यायला आपल्या घरी आला. तुझी काडतुसं भरून, वर चिठ्ठी चिकटवून टेबलावर तयार होती. बाबा त्याच्याकडे बघत बसले. मग अचानक उठले, ड्वेनला म्हणाले, "तू केक खा, हकलबेरीचा आहे," आणि खोकं घेऊन खाली गेले. थोड्या वेळाने ठोकण्याचा आवाज यायला लागला. गोळी उपसायची ती हातोडी आठवते ना? एकेक काडतूस फोडून रिकामं करत होते. ड्वेनने तीन वेळा घड्याळ बघितलं, पण जागचा हलला नाही, भला माणूस. बाबा वर आले ते घामाघूम. खोकं त्याच्या हातात देत म्हणाले, "पोरगी मोठी झाली आता. तिचं तिने भरावं." बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणजे त्यांना ठाऊक आहे, मार्नी. मला वाटत होतं की त्यांना कळत नाही म्हणून मी घाबरले आहे. पण त्यांना सगळं कळतंय, आणि म्हणून मी जास्त घाबरले आहे. तुझी काडतुसं त्यांनी फोडली, स्वतःची नाही. ती खणात तशीच आहेत आणि दर शनिवारी त्यातलीच नेतात. पूर्वी मला खांद्याशी उभं करून दुर्बिणीतून बघायला लावायचे, "लव्हॉन, सांग कुठे लागली." आता म्हणतात, "थंडी आहे, तू गाडीत बस. काचा वर कर." सप्टेंबरात कसली आलीय थंडी! मला त्या रायफलीपासून लांब ठेवायचं असतं, दुसरं काय.

माझं ते ऐकणार नाहीत, आणि कपाटाची किल्ली हिसकावून घ्यायला माझा हात उठत नाही. म्हणून हे पत्र. तू सुट्टी काढ आणि ये. मी लिहिलं हे अजिबात बोलू नकोस. म्हण, मला एकटीला भरता येत नाही, पहिल्यापासून शिकवा. शिकवायला ते कधी नाही म्हणाले नाहीत. मेजाशी तू बस, डबा तू उघड, दारू तू मोज, त्यांना नुसतं शेजारी बसून तुझ्या चुका काढू दे. आणि खणातलं जे आहे, ते दोघं मिळून फोडा. कुणास ठाऊक, रिकाम्या पुंगळ्या पाठवून ते हेच मागत असतील, तोंडाने मागता येत नाही म्हणून. पण लवकर निघ गं बाई. शनिवारी मी काचा वर करून गाडीत बसते. एक बार होतो, मग शांतता. त्या शांततेत माझा जीव मुठीत असतो. दुसरा बार ऐकू आला की मला कळतं, पहिल्या बाराने त्यांना काही झालं नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई