समुद्रफूल मोशीला देताना

आप्पा,

तुमच्यामुळे मला दोन मासे आणि एक समुद्रफूल सरळपणे कुणाला देऊन टाकता आलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण गेला महिनाभर मी मनातल्या मनात तुमच्यावरच चिडलेली आहे. ऑफिसनं मला दोन वर्षांसाठी परदेशात पाठवायचं ठरवलं. नवरा आणि मुलगी आधीच पुढे गेले. पिंपळे सौदागरचा फ्लॅट महिनाअखेरीस सोडायचा होता. कपाटं गेली, सोफा गेला, तुळशीची कुंडी शेजारच्या काकूंनी नेली. हॉलमध्ये एकच गोष्ट उरली, माझा खाऱ्या पाण्याचा टँक. तुम्ही तो पाहिलेला नाही. तुम्ही गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी आणला. त्यात केशरी-पांढऱ्या माशांची एक जोडी आहे, आणि ती ज्याच्या मिठीत झोपते ते समुद्रफूल, बशीएवढं, टोकांना जांभळी झाक असलेलं. नाव फूल असलं तरी तो जीव आहे. पाणी बिघडलं की तो आक्रसतो, आणि तरी दुर्लक्ष केलं तर विरघळून जातो, जाताना टँकमधल्या बाकीच्यांनाही घेऊन जातो. म्हणून त्याला नवा टँक चालत नाही. टँक मुरावा लागतो, लोणच्यासारखा. घाण पचवणारे जिवाणू दगडावाळूत बसावे लागतात, आणि त्याला महिने जातात.

हे मी जाहिरातीत सगळं लिहिलं होतं. वाचलं कुणी नाही. एकानं विचारलं, "मॅडम, नुसते मासे मिळतील का? ते कोबीसारखं काय आहे ते नको." दुसऱ्याचा टँक परवाच भरलेला. मी म्हटलं, परवा? तर म्हणाला, "बाटलीतले जिवाणू टाकलेत ना, त्यावर लिहिलंय, चोवीस तासांत रेडी." तिसऱ्या बाई माण गावात राहणाऱ्या, फार गोड बोलल्या, मी खूश होऊन गेले, तर टँकच्या जागी काचेची बरणी. मुलाच्या वाढदिवसाला. मी दारातूनच परत फिरले आणि गाडीत बसून स्वतःशी मोठ्यानं बोलले, लोकांना पाणी स्वच्छ दिसलं की ते तयार आहे असंच का वाटतं? आणि मग ऐकू आलं की हे वाक्य माझं नाहीच. 'चमकतोय म्हणजे पास नाही,' असं तुम्ही म्हणायचात.

खंडेनवमीला तुम्ही मला भोसरीच्या कंपनीत न्यायचात. पूजेला तुम्ही कधी हात जोडले नाहीत, बाजूला उभे राहायचात, पण मशीनला हार घातला की मला तुमच्या क्वालिटीच्या टेबलापाशी न्यायचात. मखमलीच्या खणात ठेवलेली ती पोलादी रिंग मला आजही दिसते. तुम्ही सांगताय, "ही मास्टर. हिचं माप पक्कं. सकाळी आल्यावर पहिला पीस नाही मोजायचा. आधी हे मोजायचं गेज या मास्टरवर लावायचं. गेजच चुकलं असेल तर दिवसभर चांगला माल भंगारात जाईल आणि माणसं शिव्या खातील." मी आठ वर्षांची. मला त्या दिवशीच्या पेढ्यांत जास्त रस.

मोशीचा माणूस चौथा. चाकणला एका कंपनीत, जिथं साचे-हत्यारं मापात घडवतात त्या टूलरूमला कामाला, तिशीतला, मूळचा मोशीचाच, जुन्या घराच्या जागी बांधलेल्या तीन मजल्यांत वर राहणारा. टँक आठ महिन्यांचा. दगडांवर गुलाबी कवच चढलेलं, काचेवर शेवाळाचे ठिपके, आणि दगडाखाली एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी मिशा हलवत बसलेली. खरं तर बघताक्षणीच माझं मन हो म्हणालं होतं. पण मनाचं ऐकायचं नाही, हेही तुमचंच. मी पिशवीतून एकेक काढलं. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य, म्हणजे घाण पचतेय. मग खारटपणा बघायची नळी, रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात तिला. टोकाच्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून आत बघायचं. पस्तीस हवं. एकोणचाळीस दिसत होतं.

"मीठ जास्त आहे," मी म्हटलं.

"न्हाई ताई, पस्तीसच हाय. आपलं मीटर पस्तीस दावतंय." त्यानं प्लास्टिकचं, काटा हलणारं मीटर दाखवलं.

"ही प्लास्टिकची मीटरं काहीही दाखवतात. पस्तीसवर आणा, मग बघू."

माझा स्वर कसा होता ते मला माहीत आहे. तो तुमचा स्वर होता, फक्त त्यामागे तुमची सकाळ नव्हती. तो क्षणभर माझ्या नळीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बरं ताई. आणतो." त्याची आई मागून म्हणाली, "चा तरी घे गं बाई. पोरगी बघायला आल्यावानी नुसतं बघून चाललीस."

आठ दिवसांनी त्याचा मेसेज आला, 'झालं ताई, या.' गेले. माझ्या नळीत पस्तीस, बरोबर रेघेवर. मी म्हटलं, आता झालं, पास. तेवढ्यात दगडाखाली लक्ष गेलं. कोळंबी दिसेना.

"गेली," तो म्हणाला. "पहिल्यांदाच पाळलीवती. माझंच कायतरी चुकलं आसंल. मीठ कमी करताना घाई झाली."

"दोन दिस जेवला न्हाई," आई म्हणाली. "मी म्हणलं, आरं, बाजारात किलोनं मिळत्यात. तर माझ्यावरच डाफरला."

आम्ही तिघंही हसलो. मी हसले, आप्पा. रविवारी सगळं घेऊन येते असं सांगून घरी आले, सिंकपाशी उभी राहिले, नळीची काच फिल्टरच्या बिनमिठाच्या पाण्यानं धुतली, आणि पुसायच्या आधी सहज, का कोण जाणे, डोळ्याला लावली. बिनमिठाच्या पाण्यात शून्य दिसायला हवं. चार दिसत होतं. पुन्हा धुतली. चार. तिसऱ्यांदा. चार.

म्हणजे त्याचं एकोणचाळीस हे पस्तीसच होतं. त्याचं प्लास्टिकचं मीटर खरं बोलत होतं. म्हणजे माझा टँक किती महिने फिका होता कुणास ठाऊक, मी रेघ बघून समाधानी. आणि त्या माणसानं माझ्या शब्दाखातर चांगलं पाणी बिघडवलं, आणि त्यात त्याची कोळंबी गेली.

तुम्हाला आठवतंय का, पिंपरीच्या त्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या फरशीवर मी धाकट्याची भूमितीची वही तपासत होते? लाकडी पट्टी, शून्याकडचं टोक झिजलेलं. मी त्याचा आयत चुकीचा ठरवला. तो खोडून पुन्हा काढतोय, मी पुन्हा चूक म्हणतेय, शेवटी कागद फाटला आणि तो रडायला लागला. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलात, डबा ओट्यावर ठेवला आणि ओरडला नाहीत. एवढंच विचारलंत, "दुसऱ्याला नापास करण्याआधी पट्टी बघितलीस?" मग मला त्याच्यासमोर बसवून म्हणायला लावलंत, 'तुझं बरोबर होतं.' मला तेव्हा तुमचा राग आला होता. ते तीन शब्द म्हणायला मी जेवणाची वेळ टळू दिली.

आता ऐका, खरी गंमत पुढे आहे. काहीच न बोलताही चाललं असतं. माझा टँकही फिका, त्याचाही आता माझ्यामुळे तितकाच फिका. मासे, समुद्रफूल या पाण्यातून त्या पाण्यात गेले असते तर त्यांना फरकही कळला नसता. कुणालाच कळलं नसतं. माझ्या मनात आलेला हा पहिला विचार होता, आणि तो मला फार आवडला, हेही लिहून ठेवते. शनिवारचा सगळा दिवस मी खोकी बांधत स्वतःला समजावत होते की प्राण्यांच्या दृष्टीनं हेच हिताचं आहे. हिताचं होतंही. त्याचीच तर चीड येत होती.

रविवारी गेले. मासे बादलीत, समुद्रफूल त्याच्या दगडासकट डब्यात. बादली खाली ठेवायच्या आधी बोलले. "माझी नळी चुकत होती. तुमचं पाणी बरोबर होतं. कोळंबी माझ्यामुळे गेली."

त्यानं माझ्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हाईत हाय ताई."

"माहीत आहे?"

"टूलरूमचा माणूस हाय मी. नवीन मीटर आणलं तवाच पक्क्या पस्तीसच्या तपासायच्या पाण्यात घालून बघितलंवतं. बरोबर होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पास करणार तुमी. क्वालिटीवाल्याशी वाद घातला तर माल अडकतो, ते आमाला रोजचंच. म्हणलं, ताईंच्या मीटरवर पस्तीस दावू, मासे आले की हळूहळू परत वर नेऊ." मग माझा चेहरा बघून जरा हसला. "तवर ती बया दम धरंना."

आप्पा, तुम्हाला कुणी असं म्हणालं होतं का कधी? त्या मास्टर रिंगसमोर रोज सकाळी उभे राहायचात ते चूक होऊ नये म्हणून, की चूक झालीच तर समोरचा सांगणार नाही हे ठाऊक होतं म्हणून? मला हे विचारायचं सुचलं तेव्हा विचारायला तुम्ही नव्हतात.

"आता तुमचं पानी मी बघतो," तो म्हणाला. त्यानं माझ्या बादलीत स्वतःचं मीटर घातलं, काटा थांबेपर्यंत थांबला. "एकतीस. सारखंच हाय. सोडा." मला पास केलं त्यानं. समुद्रफूल दुपारभर मुठीसारखं मिटून होतं. दोन चहा झाले. चार वाजता त्याचं एक बोट उघडलं, मग दुसरं, आणि मोठी मासोळी आत शिरून घर तिचंच असल्यासारखी पाठ घासू लागली. त्याची आई म्हणाली, "बसली बाई. सासरी रुळली."

मी निघताना त्यानं विचारलं, अगदी सहज, टूलरूमच्या माणसानं विचारावं तसं, "ताई, तुमच्या नळीसंगं तपासायचं पानी यतं की. ते टाकून बघितलं नव्हतं का?"

मी म्हटलं, संपलं होतं.

तपासायच्या त्या पाण्याची बाटली माझ्यासमोर खोक्यावर आहे, आप्पा. ओट्याखालचा शेवटचा खण रिकामा करताना निघाली. सील अजून तसंच आहे.