न्यूयॉर्कने मत दिलंच नाही

६ फेब्रुवारी, गुरुवार
नाही म्हणून सांगितलं. ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव, तुळशीराम भाऊजी, आले होते. २ मार्चचं व्याख्यान मी वाचायचं म्हणे – ह्यांच्या जागी! लग्नात मला साधा उखाणा घेता आला नव्हता. घाम फुटला, शेवटी ह्यांनीच माझं नाव घेऊन वेळ निभावली. भाऊजी म्हणाले, "वयनी, दादांनी कागद लिवून ठेवलेत. नुसतं वाचायचं हाय. आमी नाय हसणार." चहा घेऊन गेले.
दोन महिने झाले ह्यांना जाऊन. टेबलाला अजून हात लावलेला नाही.

९ फेब्रुवारी
लावला. चौदा पानं निघाली. विषय – अमेरिकेची पहिली अध्यक्षपदाची निवडणूक, १७८९. त्यातही एकटं न्यूयॉर्क राज्य! आमच्या करंजाड्यात कोणाला काय त्याचं!
ह्यांचं अक्षर एरवी मुंगीएवढं. इथे मात्र वालाच्या दाण्याएवढं. चष्म्याचा नंबर वाढला असणार, डॉक्टरकडे चला म्हटलं की ऐकायचे नाहीत. माझं मात्र बरं झालं. मोतीबिंदू असून सगळं लागलं.

१७ फेब्रुवारी
रोज दोन पानं वाचते. मजा येते. अध्यक्ष निवडायला प्रत्येक राज्याने प्रतिनिधी पाठवायचे. न्यूयॉर्कात सभागृहं दोन. प्रतिनिधी एकत्र बसून निवडायचे की वेगवेगळं, यावरच भांडण. भांडता भांडता तारीख गेली – न्यूयॉर्कचं एकही मत नाही!
शेवटचं पान अर्धंच आहे. "आणि मग शपथविधी कुठे झाला, तर –" पुढे कोरं.
लेकीला फोन केला. रेवा म्हणाली, गूगलला विचार की आई. विचारलं. एकटीच मोठ्याने हसले. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. लगेच भाऊजींना हो कळवलं.

१ मार्च
जमणार नाही असं कळवायला फोन हातात घेतला. ठेवला.

२ मार्च, रविवार
वाचलं!
सुरुवातीलाच सांगायचं होतं, लिखाण कोणाचं ते. एक्केचाळीस वर्षांत ह्यांचं नाव तोंडातून निघालं नव्हतं. आज माइकवर घेतलं – प्रभाकर. पाणी प्याले. मग गाडी रुळावर आली.
शेवट माझ्या शब्दांत सांगितला. ज्या राज्याने मत दिलं नाही, पहिल्या अध्यक्षाची शपथ तिथेच झाली – न्यूयॉर्क शहरात! भाऊजी उठून उभे. "ह्ये तं आमच्या गावावानीच! जत्रेचा अध्यक्ष हात वर करून निवडायचा का चिठ्ठ्या टाकून, यावर दोन आळ्यांचं वाजलं. आमच्या आळीनं मत नाय दिलं. आन् पालखी कुठं टेकली? आमच्याच वट्यावर!" लोक हसून हसून बेजार. मग हात बरा की चिठ्ठी, यावर अर्धा तास वाद. बटाटेवडे गार झाले.

३ मार्च
भाऊजींनी संघाची वही दाखवली. वर्षाचे कार्यक्रम, ह्यांनी दिवाळीतच लिहिलेले, मुंगीएवढ्या अक्षरात. २ मार्च – न्यूयॉर्कची निवडणूक. वक्त्याच्या रकान्यात माझं नाव. सुमती.
"दादा बोललेले," भाऊजी म्हणाले, "तिला आदी सांगू नको, पळून जाईल."